गेलेल्या बाळाचाही फोटो काढा

आमच्या सेंटरला सोनोग्राफीला आलेल्या बाईला मॅडम जे चार-दोन प्रश्न विचारतात त्यात एक ठरलेला, आधीची मुलं किती. बाई म्हणाली एक होतं, गेलं, की पुढचा प्रश्न येतो, कशानं गेलं? याला मी इतक्या वर्षांत ऐकलेली उत्तरं सांगतो. "हातपाय बारके होते." "हाडंच भरली नव्हती म्हणे." "बाहेरचं होतं." "डॉक्टर काय बोललेच नाहीत, घेऊन जावा म्हणले." कागद आहे का काही, असं विचारलं की प्लॅस्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज कार्ड निघतं आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ, मल्टिपल कंजेनायटल अनॉमलीज. म्हणजे बाळाला जन्मजात बरीच व्यंगं होती. हे तर आजीला पण दिसलं होतं की, त्याला डॉक्टर कशाला पाहिजे होता.

मी डॉक्टर नाही, आधीच सांगतो. एक्स-रे टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी तालुक्याच्या दवाखान्यात गेली आणि आता खाजगी सेंटरला आहे. सुरुवात केली तेव्हा डार्करूममध्ये लाल दिव्याखाली फिल्म हातानं धुवायचो, डेव्हलपर, पाणी, हायपो, परत पाणी, मग हँगरला लावून वाळवायची. आता सगळं डिजिटल, बटण दाबलं की चार सेकंदात फोटो स्क्रीनवर. आमच्याकडं गावात एक्स-रेला फोटोच म्हणतात, "छातीचा फोटो काढून आणा" असं, त्यामुळं या लेखात मी पण फोटोच म्हणणार आहे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. पोटात गेलेलं किंवा जन्मल्यावर काही तासांत, काही दिवसांत गेलेलं बाळ, ज्याचे हातपाय, छाती किंवा डोकं दिसायला वेगळं आहे, त्याचा डोक्यापासून पायापर्यंत एक फोटो निघालाच पाहिजे. दवाखाना सरकारी असो नायतर खाजगी. फुकट निघाला पाहिजे आणि त्याची प्रत आईबापाच्या हातात गेली पाहिजे. सक्ती दवाखान्यावर, आईबापावर नाही, ते नको म्हणले तर विषय संपला. पण आत्ता काय होतं की त्यांना कोणी विचारतच नाही.

हे डोक्यात बसलं ते एका बाळामुळं. बरीच वर्षं झाली, रात्रीची वेळ, डिलिव्हरी झालेली, बाळ चाळीसेक मिनिटं धापा टाकत होतं आणि गेलं. तेव्हा ड्युटीला असलेल्या डॉक्टरांना काय वाटलं कुणास ठाऊक, नवीन होते बहुतेक म्हणून असेल, त्यांनी सिस्टरला सांगितलं एक्स-रे करून घ्या. सिस्टर बाळाला टॉवेलमध्ये घेऊन माझ्याकडं आल्या. डोकं मोठं, कपाळ पुढं आलेलं, नाकाचा पूल बसका, हातपाय इतके आखूड की कातडीला घड्या पडलेल्या, जशा बाळसेदार पोराच्या मांड्यांना पडतात तशा. छाती अरुंद आणि खाली पोट एकदम फुगलेलं. १४ बाय १७ इंचाची कॅसेट, म्हणजे फिल्म ठेवायची चपटी पेटी, टेबलावर ठेवली, बाळाला तिच्यावर सरळ झोपवलं आणि एकाच एक्स्पोजरमध्ये सगळं आलं. बाळाचा फोटो काढताना आमची सगळ्यात मोठी कटकट असते ते हलतं म्हणून. हे हलत नव्हतं. लिहितानाही मला कसंतरी होतंय.

फिल्म धुतली, वाळवली, पाकिटात घातली आणि पाकीट आमच्या कपाटात राहिलं. कोणी मागायला आलं नाही. बाळ पहाटे बापानं मोटरसायकलवर नेलं, मागं चुलता मांडीवर घेऊन बसलेला. जिल्ह्याचे रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून एकदा यायचे, त्यांच्या ढिगात ते पाकीट गेलं का नाही ते पण मला आठवत नाही. पुढं दोन-अडीच वर्षांनी कपाट आवरताना हातात आलं आणि तेव्हा एक सर आले होते त्यांना मी सहज दाखवलं. त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि दोन सेकंदात म्हणाले, "अरे हा थॅनॅटोफोरिक आहे. फीमर बघ, टेलिफोनचा रिसीव्हर." मी बघितलं. मांडीचं हाड, जे सरळ पाहिजे, ते आखूड आणि धनुष्यासारखं वाकलेलं, दोन्ही टोकं रुंद, अगदी जुन्या काळ्या फोनचा रिसीव्हर आडवा ठेवल्यासारखं. सरांनी पुढं एक-एक दाखवलं. मणके इतके चपटे की दोन मणक्यांमधली जागाच मणक्यापेक्षा जास्त, आणि समोरून बघितलं तर इंग्रजी एच अक्षरासारखे. बरगड्या निम्म्यातच संपलेल्या. बोटं आखूड, जाड आणि एकमेकांपासून फाकलेली, त्रिशूळासारखी.

मग सरांनी विचारलं, घरच्यांना सांगितलं का? कोण सांगणार. आणि त्या दोन-अडीच वर्षांत त्या घरात काय झालं होतं ते मला माहीत होतं, गाव केवढंसं असतं. सासू म्हणत होती हिनं ग्रहणात विळी धरली. कोणी म्हणत होतं नात्यात लग्न केलं त्याचं फळ, कारण नवरा तिच्या आत्याचा मुलगा. पुन्हा तसंच होणार म्हणून नवरा घाबरलेला आणि पोरगी माहेरी. यातलं एक पण कारण खरं नव्हतं, आणि ते सांगणारी फिल्म माझ्या कपाटात पडलेली होती.

हा आजार काय आहे ते थोडं सांगतो, मी सरांकडून आणि नंतर वाचून शिकलो तेवढं. आपली लांब हाडं टोकाला असलेल्या कूर्चेच्या पट्टीतून वाढतात, ग्रोथ प्लेट म्हणतात तिला. ती वाढ बेफाम होऊ नये म्हणून शरीरानं ब्रेक ठेवलेले आहेत, त्यातला एक मुख्य ब्रेक म्हणजे एफजीएफआर३ नावाच्या जीनपासून तयार होणारं प्रोटीन. जीन चौथ्या क्रोमोसोमवर आहे. या जीनमध्ये एका अक्षराचा बदल झाला की ब्रेक दाबलेलाच राहतो, पाय काढला तरी सुटत नाही. बदल थोडा सौम्य जागी असला तर अकॉन्ड्रोप्लेसिया होतो, म्हणजे आपण बुटकी माणसं बघतो, जी शिकतात, नोकरी करतात, संसार करतात, त्यातली बरीचशी. बदल जास्त कडक जागी झाला तर थॅनॅटोफोरिक डिसप्लेझिया. त्यात बरगड्याच आखूड असल्यामुळं छाती वाढत नाही, छातीत जागा नाही म्हणून फुप्फुसं वाढत नाहीत, आणि कवटीच्या तळाचं भोक अरुंद असल्यामुळं मेंदूचा जो भाग श्वास चालवतो त्याच्यावर दाब येतो. बाळ नाळेवर असतं तोपर्यंत त्याला काहीच कमी नसतं, पोटात मस्त लाथा मारतं. नाळ कापली की अडचण सुरू. बहुतेक बाळं काही तासांत किंवा दिवसांत जातात, व्हेंटिलेटरवर काही वर्षं जगलेली मुलं जगात आहेत पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. याचे दोन प्रकार आहेत, पहिल्यात मांडीचं हाड वाकलेलं, दुसऱ्यात हाड त्यातल्या त्यात सरळ पण कवटी तीन पाकळ्यांच्या पानासारखी. २० ते ५० हजार जन्मांत एक असं प्रमाण सांगतात. महाराष्ट्रात वर्षाला पंधरा-वीस लाख जन्म धरले तर वर्षाला तीस ते शंभर बाळं होतात. यातल्या किती जणांचं नाव कागदावर येत असेल, तुम्हीच अंदाज करा.

नाव ग्रीक आहे, त्याचा अर्थ मृत्यू वाहून आणणारा. नाव ठेवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यायला पाहिजे होतं असं मला वाटतं, आईबापानं मोबाईलवर अर्थ शोधला की काय वाटत असेल. पण हे नाव कसं पडलं ते बघण्यासारखं आहे. १९६७ साली पॅरिसमध्ये मारोतो, लामी आणि रॉबेर या तीन डॉक्टरांनी हा आजार वेगळा काढला. तोपर्यंत असली बाळं सरसकट अकॉन्ड्रोप्लेसियाच्या खात्यात जायची, बुटका होता, वाचला नाही, संपलं. जीन सापडायला १९९५ उजाडलं. म्हणजे मधली २८ वर्षं रक्ताची कुठलीच टेस्ट नव्हती, आणि तरी जगभरचे डॉक्टर हा आजार ओळखत होते, कशावर? बाळाच्या ठेवणीवर आणि फोटोवर. नुसत्या फोटोवर. आजही हाडांच्या आनुवंशिक आजारांची जी जागतिक यादी आहे, २०२३ ची, तिच्यात ७७१ आजार आहेत, आणि एवढ्या गर्दीत शिरायचा पहिला दरवाजा हा फोटोच आहे.

आता मुद्द्याचं. मेलेल्या बाळाचं निदान करून उपयोग काय, ते काय परत येणार आहे का, असं मला एका डॉक्टरांनीच विचारलं होतं. उपयोग पुढच्या बाळाला आहे. दिसायला सारखी, आखूड हातपाय, बारकी छाती, अशी बाळं एकाच आजाराची नसतात. थॅनॅटोफोरिकमध्ये तो बदल नव्यानंच झालेला असतो, आईबाप दोघं धडधाकट, त्यांच्या रक्तात तो नाही, त्यामुळं पुढच्या खेपेला परत होण्याची शक्यता जवळजवळ नाहीच, बीजपेशीत दोष लपून राहिल्याची अगदी छोटी शंका सोडली तर. पण आखूड बरगड्या आणि हाताला सहा-सात बोटं असलेल्या आजारांचा एक गट आहे, त्यात आई आणि बाप दोघांकडं एक-एक लपलेला दोष असतो आणि प्रत्येक गरोदरपणात चारात एक, म्हणजे २५ टक्के धोका. अकॉन्ड्रोजेनेसिसचे काही प्रकार असेच, त्यात फोटोत मणके दिसतच नाहीत, नुसत्या बरगड्या हवेत तरंगल्यासारख्या. काचेच्या हाडांचा जो जीवघेणा प्रकार आहे त्यात बरगड्या मण्यांच्या माळेसारख्या, प्रत्येक मणी म्हणजे पोटातच मोडून जुळलेलं हाड, तिथं धोका बहुतेक वेळा काही टक्क्यांचा. आणि हायपोफॉस्फेटेशिया नावाचा एक, त्यात फोटो काढला तर मशीन बिघडलं का काय असं वाटावं इतकी हाडं फिकी, काही ठिकाणी गायबच. हा २५ टक्केवाला. पण याच्यावर २०१५ पासून परदेशात औषध निघालंय, प्रचंड महाग आहे, तरी आहे. म्हणजे आधी कळलं असतं तर पुढच्या बाळासाठी निदान धावपळ तरी करता आली असती.

एका बाजूला जवळपास शून्य आणि दुसऱ्या बाजूला चारात एक. हा फरक घरच्यांना कळायला पाहिजे का नको? आणि हा कळतो एका फोटोत, ज्याला बाहेर खाजगीत काही शे रुपये लागतात आणि सरकारीत जवळपास काहीच नाही.

नात्यातल्या लग्नाचं पण इथंच बोलतो. आपल्याकडं मामाची पोरगी करायची पद्धत आहे, सोलापूर, मराठवाडा, सांगली पट्ट्यात भरपूर, आणि बाळाला काही झालं की डॉक्टरपासून शेजारणीपर्यंत सगळे डोळे झाकून तिकडंच बोट दाखवतात. २५ टक्केवाल्या आजारांत ते बोट बरोबर आहे, नात्यात तोच लपलेला दोष दोघांकडं असायची शक्यता वाढते, हे मी नाकारत नाही. पण थॅनॅटोफोरिकचा नात्याशी काडीचा संबंध नाही. उलट हा नवा बदल वडिलांच्या बीजपेशीत होतो आणि बापाचं वय वाढेल तसं त्याचं प्रमाण वाढत जातं, हे चांगलं अभ्यासलेलं आहे. आता हे सांगितलं की लगेच बापाला धरून बसू नका, पंचविशीतल्या बापाच्या पण होतं, त्यात त्याची चूक काहीच नाही, करोडो पेशी तयार होताना कुठंतरी एक अक्षर चुकतं. मी हे लिहितोय ते फक्त एवढ्यासाठी की गेली शेकडो वर्षं आपण सुनेला ग्रहणात सुई धरली, नारळ फोडला, उंबरा ओलांडला म्हणून जबाबदार धरतोय. अशी शिबिरं-भाषणं मी पण ऐकली, अंधश्रद्धा वाईट वगैरे, पण सासूला भाषण देऊन काय होत नाही, तिला दुसरं कारण द्यायला लागतं. कारण दिलं नाही की ती मोकळी जागा ग्रहण भरून काढतं. फिल्म उजेडावर धरून "मावशी, हे हाड बघा, हे तीन महिन्यांचं पोटात असल्यापासनंच असं आहे, विळीनं होत नाही" असं दाखवलेलं मी एकदा बघितलंय, आणि ती मावशी बराच वेळ फिल्मकडं बघत बसली होती. पटलं का नाही माहीत नाही. पण सुनेला त्यानंतर निदान माझ्यासमोर तरी काही बोलली नाही.

आता यावर लोक म्हणतात, मेल्यावर फोटो काढत बसण्यापेक्षा आधीच सोनोग्राफीत पकडा ना. बरोबर आहे, पकडायलाच पाहिजे. आणि पकडता येतं पण. अठरा ते वीस आठवड्यांच्या अनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे व्यंगं बघायच्या सोनोग्राफीत, मांडीच्या हाडाची लांबी मोजतातच, ती या बाळांत तेव्हाच भरपूर मागं असते. त्या लांबीला पोटाच्या घेरानं भागलं आणि उत्तर ०.१६ च्या खाली आलं तर हा जीवघेण्यातला प्रकार आहे अशी दाट शंका घ्यायची, छातीचा घेर पोटाच्या मानानं फार कमी असला की शंका अजून पक्की. बाळाभोवतीचं पाणी वाढलेलं असतं, म्हणून "पोट महिन्याच्या मानानं जास्त दिसतंय" एवढंच गावाकडं कळतं, कोणी तर जुळं आहे म्हणून खूश होतं. २०२१ च्या गर्भपात कायद्याच्या दुरुस्तीनं काही महिलांसाठी २० ची मर्यादा २४ आठवड्यांवर नेली आणि बाळात गंभीर व्यंग असेल तर त्याच्या पुढंही, मेडिकल बोर्डाच्या परवानगीनं. बोर्डानं तीन दिवसांत मत द्यायचं. २००८ मध्ये मुंबईचं एक जोडपं आणि डॉ. निखिल दातार हायकोर्टात गेले होते तेव्हा मर्यादा २० च होती आणि कोर्टानं नाही म्हणलं होतं, तिथून इथं यायला तेरा वर्षं लागली. २०२३ ला मुंबई हायकोर्टानं तर ३२-३३ आठवड्यांच्या केसमध्ये बोर्डाचं मत विरोधात असताना परवानगी दिली आणि निर्णय बोर्डाचा नसून त्या बाईचा आहे असं सांगितलं. कायदा बऱ्यापैकी पुढं गेलाय, खोटं कशाला बोला.

पण कायद्याचे आठवडे आणि कोयत्याचे आठवडे वेगळे असतात हो. आमच्याकडून, बीडकडून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जोड्या जातात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. त्यात जी पोरगी दोन महिन्यांची गेली ती सातव्या-आठव्या महिन्यात परत आली, मधल्या काळात ती सांगलीच्या नायतर कर्नाटकातल्या फडात पाचटाच्या कोपीत होती, तिला अठरावा आठवडा कोणी मोजून द्यायचा? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, योजना चांगली आहे, पण आगाऊ उचल घेतलेला कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडी, ९ तारखेला सुट्टी घेत नाही. तालुक्याला सोनोग्राफीचं मशीन असलं तर रेडिओलॉजिस्ट नाही, रेडिओलॉजिस्ट असला तर एका दिवसात साठ बायका, त्यात प्रत्येकीची बोटं मोजत कोण बसणार. त्यामुळं पहिली सोनोग्राफी होते ती बाळ पायाळू आहे का डोक्याकडून हे बघायला. तेव्हा रिपोर्टवर येतं, शॉर्ट लिंब्स, म्हणजे आखूड हातपाय, आणि पुढं प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह घेऊन बाई बाळंत होते. म्हणून मी म्हणतो की सोनोग्राफी सुधारायची ती सुधाराच, त्याला दहा वर्षं लागतील, पण प्रश्नचिन्ह पुसायचा जो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे तो तोपर्यंत तरी वापरा. आणि दुसरं, पोटातून दिसलेलं आणि बाहेर दिसलेलं यात फरक असतो. सोनोग्राफीवाले जीवघेणं आहे एवढं बरेचदा बरोबर सांगतात पण नेमकं कुठलं हे सांगताना तज्ज्ञांची पण गडबड होते, त्यामुळं आधी पकडलं तरी नंतरचा फोटो लागतोच. गर्भपात केला तरी लागतो. हे तर कित्येक ठिकाणी पूर्णच विसरतात, बोर्डाची परवानगी आली, काम झालं, सगळे सुटल्यासारखे.

पोस्टमॉर्टेम का नको, फोटोच का, असं एक वाचणारा विचारेल. पोस्टमॉर्टेमला आपल्याकडं बाळाच्या बाबतीत घरचे तयार होत नाहीत आणि मी त्यांना दोष देणार नाही, तळहाताएवढ्या जिवाला चिरायचं म्हणलं की माझं पण मन होत नाही. फोटोत चिरणं नाही, टोचणं नाही, पाच मिनिटांत बाळ परत आजीच्या हातात. ज्यांना दफन लवकर करायचं असतं, मुसलमान कुटुंबं म्हणा किंवा आपल्यातले पण, दिवस मावळायच्या आत वगैरे, त्यांचा वेळ जात नाही. खरं तर फोटोसोबत नाळेतलं दोन मिली रक्त जांभळ्या टोपणाच्या बाटलीत काढून फ्रिजमध्ये ठेवलं तर काम पूर्णच होईल. कारण फोटोनं सांगितलं की हा थॅनॅटोफोरिक, तर मग हजारो जीन चाळायची महागडी टेस्ट लागत नाही, एकाच जीनमधल्या ठराविक जागा बघितल्या की भागतं.

आणि सरकारी योजना? आहेत की. बालकांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरातूनच सुरू झाला, त्यात जन्मजात दोषांची यादी आहे, फाटलेला ओठ, वाकडे पाय, मोतीबिंदू, हृदयाची भोकं. म्हणजे जे जगतात आणि ज्यांचं काही करता येतं ते. दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ ला आलं, मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे, तिथं उपचाराला पैसे मिळतात, पण उपचार असलेल्या आजाराला. गेलेल्या बाळासाठी जे काही आहे ते म्हणजे बालमृत्यू अन्वेषण, आशाताई कळवते, नर्सबाई घरी जाते, फॉर्म भरते, जन्मजात व्यंग या चौकटीत बरोबरची खूण करते आणि फाइल बंद. सगळ्यात जास्त राग मला या खुणेचा येतो. बाकी मृत्यूंत, न्युमोनिया असेल, कमी वजन असेल, तिथं कोणाचं काय चुकलं याची चौकशी होते, साहेब लोकांना उत्तर द्यायला लागतं. व्यंग लिहिलं की सगळे मोकळे, टाळता येण्यासारखं नव्हतं. ते बाळ नव्हतं टाळता येण्यासारखं, मान्य. पण त्या फॉर्मवर व्यंग या शब्दाच्या पुढं "एक्स-रे काढला का, रिपोर्ट जोडा" एवढी एक ओळ वाढवली तर? मशीन नवीन घ्यायचं नाही, माणूस नवीन नेमायचा नाही, ग्रामीण रुग्णालयात बहुतेक ठिकाणी आता डिजिटल मशीन आहे. वाचणारा तिथं नसला तर फाइल पाठवायची, जिल्ह्याला, मेडिकल कॉलेजला, जेनेटिक्सच्या डॉक्टरांना. कोविडमध्ये आम्ही रोज शेकड्यानं छातीचे फोटो मोबाईलवरून पाठवलेच की, तेव्हा कुठला जीआर आडवा आला नाही.

अडचणी आहेत, मी आत बसून बघतोय म्हणून मला जास्त माहीत आहेत. पहिली, प्रसूतीवाल्यांना वाटतं फोटो काढला तर उद्या कोर्टात हेच पुढं येईल, आधी का नाही दिसलं म्हणून. सोनोग्राफीवाल्यांना तर जास्तच भीती, आधीच फॉर्म एफमध्ये, म्हणजे लिंगनिदानविरोधी कायद्यासाठी भरायच्या फॉर्ममध्ये, एक रकाना चुकला तर मशीन सील होतंय. ही भीती खोटी नाही. पण माझा अनुभव उलटा आहे, ज्यांना काही सांगितलं जात नाही तेच लोक चिडून काचा फोडायला येतात. दुसरी अडचण, सांगायचं कुणी. फोटो निघाला, रिपोर्ट आला, चार दिवसांनी आला, तोपर्यंत बाई घरी, तिला दूध आलेलं आणि बाळ नाही, अशा वेळी फोन करून काय म्हणायचं? याचं उत्तर माझ्याकडं पूर्ण नाही. सहा आठवड्यांनी बाई तपासणीला येते किंवा यायला पाहिजे, तेव्हा नवरा-बायको दोघांना बसवून सांगावं, सासूलाही बोलवावं, असं मला वाटतं. पण पाकीट मात्र डिस्चार्जच्या वेळीच द्यावं, रिपोर्ट नसला तरी. दवाखान्याच्या कपाटात ठेवू नका, कपाटाचं काय होतं ते मी वर सांगितलं. डिजिटलचं तर अजून वाईट, सर्व्हरची जागा भरली की जुनं पुसलं जातं, आणि ती फाइल असते "बी ओ" म्हणजे बेबी ऑफ अमुकतमुक नावानं, बाळाला नाव ठेवायच्या आधीच गेलेलं असतं ना. ती नंतर शोधून सापडत नाही. बापाच्या मोबाईलवर तिथल्या तिथं पाठवून द्या, तो जपून ठेवतो.

माहेरी गेलेली ती पोरगी, तिच्यापर्यंत मी पोहोचवलं, सर म्हणाले म्हणून. तिच्या भावाला गाठून, फिल्मचं ते पिवळं पडलेलं पाकीट आणि सरांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलेल्या चार ओळी. पुढं तिचं काय झालं ते तिचं खाजगी आहे, लिहीत नाही. एवढंच की ती चिठ्ठी अडीच वर्षं आधी लिहिली असती तरी तेवढ्याच चार ओळी लागल्या असत्या.

आणि आमच्या लोकांबद्दल पण बोलायला पाहिजे, म्हणजे टेक्निशियन लोकांबद्दल. रात्री अडीचला कॉल आला, कशासाठी तर गेलेल्या बाळाचा एक्स-रे, तर आम्ही पण म्हणतो, सकाळी बघू, पेशंट थोडाच थांबलाय. मी स्वतः म्हणलोय असं, दोनदा तरी. सकाळपर्यंत बाळ गावी जाऊन पुरलेलं असतं. त्यामुळं सिस्टर लोकांना माझी विनंती आहे की ऐकून घेऊ नका, परत फोन लावा, कॉल रजिस्टरला वेळ टाका. कुरकुर करतो आम्ही, पण येतो.